लंडनची वाट आणि वाटेवरील वेशी



अंतर मोजण्याचे एक माप नाशिकच्या माणसाला लहानपणापासून ठाऊक असते. ते मैलांचे नव्हे, किलोमीटरांचेही नव्हे. कोणत्याही दिवशी सकाळी रामकुंडावर जाऊन उभे राहावे. कोणी अस्थी घेऊन आलेले असते, कोणी दहाव्याचे पिंड मांडून कावळ्याची वाट पाहत बसलेले असते, आणि बाजूला बसलेल्या मंडळींत एक प्रश्न हमखास निघतो, "थोरला पोचला का?" थोरला अग्नी द्यायला पोचला, तिसऱ्या दिवशी अस्थींना पोचला, दहाव्याला पोचला, की तेरावा होऊन गेला तरी वाटेवरच राहिला, ह्यावरून तो घरापासून किती लांब राहतो हे आपल्याला कळते. त्याचे गाव नकाशावर कोठे आहे, हे विचारण्याचे मग कारणच उरत नाही.

आज आम्हांला मुंबई आणि लंडन ह्या दोन ठिकाणांमधील अंतराविषयी आणि ते कापायला लागणाऱ्या वेळाविषयी बोलावयाचे आहे. विषय वरवर रूक्ष दिसतो. विमानाचे वेळापत्रक उघडले की त्याचे उत्तर मिळते, त्यासाठी व्याख्यान कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु त्या वेळापत्रकातील आकड्याच्या पाठीशी सव्वादोनशे-अडीचशे वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि त्या इतिहासात आपल्या नाशिकची माणसे ठिकठिकाणी भेटतात. शिवाय आज आपल्यापैकी पुष्कळांची मुले, पुतणे, भाचे परदेशात आहेत. तेव्हा हा प्रश्न आता पुस्तकी राहिलेला नाही. तो घरोघरचा झाला आहे.

प्रथम अंतराचा हिशेब पाहू. लंडन मुंबईपासून किती दूर आहे, ह्याची तीन उत्तरे देता येतात आणि तिन्ही खरी आहेत. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून जहाजाने गेले तर सुमारे २०,००० किलोमीटर. सुवेझच्या कालव्यातून गेले तर सुमारे ११,६०० किलोमीटर. आणि आकाशातून सरळ गेले तर सुमारे ७,२०० किलोमीटर. आता ही शेवटची 'सरळ' वाट कोणती? भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून ती सापडत नाही, कारण पृथ्वी गोल आहे आणि नकाशा सपाट. शाळेतला पृथ्वीचा गोल घ्यावा, एका दोऱ्याचे एक टोक मुंबईवर धरावे, दुसरे लंडनवर, आणि दोरा ताणावा. तो जसा बसेल ती सर्वांत जवळची वाट. गणिती लोक तिला महावृत्ताची रेषा म्हणतात. हा दोरा मुंबईहून वायव्येकडे निघतो, कराचीवरून जातो, इराण ओलांडतो, कास्पियन समुद्राकाठच्या बाकूजवळून पुढे अझोव्ह समुद्राकडे जातो, युक्रेनवरून मध्य युरोपात शिरतो आणि लंडनला पोचतो. हा दोरा श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा. व्याख्यानाच्या शेवटी आपल्याला त्याच्याकडे परत यावयाचे आहे.

पहिला प्रवासी आपल्या आनंदवल्लीच्या संबंधातला. आनंदवल्लीला रघुनाथरावदादांचा वाडा होता, हे नाशिककरांना सांगावयास नको. पेशवाईच्या गादीसाठी दादांनी इंग्रजांचा हात धरला आणि त्यातून १७७५ साली पहिले इंग्रज-मराठा युद्ध उभे राहिले. त्या झगड्यात दादांनी आपले वकील थेट लंडनला पाठविले. हणमंतराव नावाचे ब्राह्मण आणि मणियार रतनजी हे पारशी गृहस्थ १७८१ साली इंग्लंडात होते. तेथील प्रसिद्ध वक्ता एडमंड बर्क ह्याने त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले, आणि हणमंतरावांच्या सोवळ्यात अडचण येऊ नये म्हणून बागेतील काचघर त्यांना स्वयंपाकपाण्यासाठी मोकळे करून दिले. परत आल्यावर समुद्र ओलांडल्याबद्दल हणमंतरावांना प्रायश्चित्त घ्यावे लागले. ही हकीकतही बर्कनेच पुढे पार्लमेंटात सांगितली.

त्या काळी लंडनची रूढ वाट आफ्रिकेला वळसा घालणारी होती आणि ती कापायला चार-सहा महिने लागत. वाऱ्याने साथ दिली नाही तर त्याहून अधिक. म्हणजे दादांनी येथे एखादा निर्णय घ्यावा, तो वकिलाला कळविण्यात अर्धे वर्ष जावे, आणि त्याचे उत्तर येईपर्यंत वर्ष उलटावे. झालेही तसेच. लंडनमधील खटपटीतून काही निष्पन्न होण्याच्या आधीच १७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला, इंग्रजांनी दादांचा पक्ष सोडला, आणि पुढच्याच वर्षी, डिसेंबर १७८३ मध्ये, दादांचे कोपरगावास निधन झाले. त्या काळच्या राजकारणात अंतर हा एक पक्षच होता असे म्हटले तरी चालेल; आणि तो बहुधा दुबळ्याच्या विरुद्ध उभा राही. ज्याच्या गलबतांचा राबता त्या वाटेवर सतत असे, त्याच्याच हाती बातमी आणि हुकूम राहत.

हेच सातारच्या रंगो बापूजींच्या वाट्याला अधिक कठोरपणे आले. १८३९ साली कंपनीने प्रतापसिंह महाराजांना पदच्युत केले, आणि त्यांची दाद लावण्यासाठी रंगो बापूजी लंडनला गेले. ते तेथे १८५३ पर्यंत होते. मध्यंतरी आगबोटी आल्या होत्या. मुंबईच्या गोदीत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट २० मार्च १८३० रोजी मुंबईहून निघाली आणि ३३ दिवसांनी सुवेझला पोचली. ह्या ३३ दिवसांपैकी सुमारे १२ दिवस वाटेतील बंदरांवर कोळसा भरण्यातच गेले! सुवेझला उतरून वाळवंट तुडवीत प्रवासी भूमध्य समुद्राच्या काठी जात आणि तेथून दुसऱ्या बोटीने पुढे. तरीसुद्धा सहा महिन्यांची वाट महिना-दीड महिन्यावर आली होती. पण आपल्या मापाने पाहिले तर काय फरक पडला? १४ ऑक्टोबर १८४७ रोजी प्रतापसिंह महाराज काशीस वारले. लंडनमध्ये रंगो बापूजींच्या कानी ती वार्ता पडण्यापूर्वीच महाराजांचे दिवसवार होऊन गेलेले असणार. ज्याच्यासाठी भांडावयाचे तो धनी जगात नाही, हे माहीत नसता एक माणूस परक्या शहरात अर्ज-विनंत्या करीत राहिला, एवढा त्या अंतराचा अर्थ होता.

'ह्यू लिंडसे'च्या त्या बारा दिवसांकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधतो. प्रवासाचा काळ तीन गोष्टींनी ठरतो. एक, वाहनाचा वेग. दुसरी, वाटेतील थांबे. तिसरी, वाटेतील वेशी, म्हणजे ज्यांच्या मुलखातून जावयाचे त्यांची परवानगी. जुन्या गावांना वेस असे आणि रात्री ती बंद होई. मग बाहेरच्या पांथस्थाने कितीही चांगले घोडे आणले असले तरी त्याला पहाटेपर्यंत बाहेरच बसावे लागे. वेग, थांबे आणि वेशी ह्या तीन गोष्टी ध्यानात घेतल्या म्हणजे पुढचा सारा इतिहास उलगडतो.

१७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुवेझचा कालवा वाहतुकीला खुला झाला. त्याच्या चार वर्षे आधी, १८६५ साली, थळ घाटातून आगगाडी इगतपुरीपर्यंत चढली होती आणि नाशिक मुंबईच्या बंदराला जोडले जाण्याची वेळ आली होती. १८७० साली समुद्राच्या तळातून मुंबई ते सुवेझ तारेची केबल पडली. येथे एक मोठा बदल झाला, तो असा की बातमी आणि माणूस ह्यांची फारकत झाली. आजवर बातमी माणसाबरोबर बोटीने जात असे. आता बातमी तासांत जाऊ लागली आणि माणूस मात्र आठवड्यांनी.

ह्याचे ठळक उदाहरण आपल्याच शहरातले आहे. भगूरचे विनायक दामोदर सावरकर ९ जून १९०६ रोजी मुंबईहून बोटीने लंडनला निघाले आणि जुलैच्या आरंभी तेथे पोचले. २१ डिसेंबर १९०९ रोजी येथे विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे ह्यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. ही वार्ता तारेने लंडनला जायला वेळ लागला नाही. परंतु लंडनमध्ये १३ मार्च १९१० रोजी पकडलेल्या सावरकरांना खटल्यासाठी इकडे आणावयाचे तर बोटीवाचून दुसरे साधन नव्हते. १ जुलै १९१० रोजी 'मोरिया' बोट त्यांना घेऊन निघाली. ८ जुलैला मार्सेल्सच्या बंदरात त्यांनी समुद्रात उडी घेतली, ते फ्रान्सच्या किनाऱ्यावर चढले, आणि तेथेच त्यांना पुन्हा पकडून बोटीवर चढविण्यात आले. पुढे एडनला बोट बदलून २२ जुलैला ते मुंबईत आणले गेले. लंडन ते मुंबई, २१ दिवस.

मार्सेल्सची गोष्ट आपण धैर्याची गोष्ट म्हणून ऐकत आलो. ती तशी आहेच. परंतु आजच्या विषयाच्या दृष्टीने ती वेशीचीही गोष्ट आहे. फ्रान्सच्या भूमीवर पाऊल ठेवलेल्या माणसाला इंग्रजांनी कोणत्या अधिकाराने उचलले, हा वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेला. २४ फेब्रुवारी १९११ रोजी लवादाने निकाल दिला की सावरकरांना फ्रान्सच्या स्वाधीन करण्यास इंग्लंड बांधलेले नाही. किनाऱ्यावरची काही पावले, आणि त्यांच्यासाठी दोन राष्ट्रांचा वाद! लांबच्या वाटेवर कोणाची हद्द कोठे सुरू होते हा प्रश्न तेव्हापासून आपल्या परिचयाचा असावयास हवा होता.

त्यानंतर वीस वर्षांनी पुन्हा नाशिक आणि लंडन ह्यांची गाठ पडली. २ मार्च १९३० रोजी येथे काळाराम मंदिराच्या दारी सत्याग्रह सुरू झाला. तो चालू असतानाच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना गोलमेज परिषदेसाठी लंडनला जावे लागले. ४ ऑक्टोबर १९३० रोजी 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' बोटीने ते मुंबईहून निघाले आणि १८ ऑक्टोबरला लंडनला पोचले. चौदा दिवस. इकडची धुरा भाऊराव गायकवाडांकडे होती आणि दोघांमधील संबंध पत्रांवर चाले. एका पत्राला एका बाजूने दोन आठवडे आणि उत्तराला दोन आठवडे, म्हणजे सल्ला विचारून तो मिळेपर्यंत महिना जावयाचा. मंदिराच्या दारात उभ्या राहिलेल्या माणसांना महिनाभर कोण थांबविणार? पुष्कळसे निर्णय येथल्या येथे, स्वतःच्या जबाबदारीवर घ्यावे लागत असतील, हे उघड आहे. आणि रामकुंडाच्या मापाने पाहिले तर चौदा दिवस म्हणजे तेराव्यालाही एका दिवसाचा उशीर.

आता आपण आकाशाकडे वळू. ३० मार्च १९२९ रोजी इंपीरियल एअरवेज ह्या इंग्रज कंपनीने लंडन ते कराची अशी विमानसेवा सुरू केली. प्रवासाला सात दिवस लागत. विमान असून सात दिवस का? कारण ती सेवा नावाला विमानाची होती. लंडनहून बाझलपर्यंत विमान. तेथून जिनोआपर्यंत आगगाडी, कारण इटलीने त्या मार्गाने आत यावयास परवानगी दिली नव्हती. मग पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने भूमध्य समुद्र ओलांडावयाचा. आणि पुढे गाझा, बगदाद, बसरा असे थांबे घेत इराणच्या किनाऱ्याने कराची. रात्री उड्डाण नसे, रात्री मुक्काम. पुढे इराणशी जमेना तेव्हा ऑक्टोबर १९३२ मध्ये तो मार्ग आखाताच्या पलीकडच्या, अरबी किनाऱ्यावर न्यावा लागला आणि शारजाच्या वाळूत विमानतळ उभा राहिला. म्हणजे विमानाच्या वाटेवरील वेशी आजकालच्या नव्हेत. विमान जितके जुने तितक्या त्या जुन्या आहेत. आकाशाला सीमा नसते असे आपण म्हणतो खरे, पण विमान हाकणाऱ्याने ते कधीच म्हटलेले नाही.

कराचीला आलेली टपाल पुढे मुंबईला कशी आणावयाची? हे काम टाटांनी अंगावर घेतले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा एकट्याने 'पुस मॉथ' नावाचे चिमुकले विमान घेऊन कराचीहून सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी निघाले, अहमदाबादला उतरले आणि दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी जुहूला पोचले. टपालाचे वजन सुमारे २५ किलो. अहमदाबादला विमानात भरावयाचे पेट्रोल बैलगाडीने आणले होते. पुढचा बल्लारी-मद्रासचा टप्पा नेव्हिल व्हिन्सेंट ह्यांनी केला. जुहूचे मैदान खाजणातले. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई. म्हणून पावसाळ्यापुरता मुक्काम पुण्याला येरवड्याच्या मैदानावर हलवावा लागे. ह्या सेवेने मुंबईच्या पत्राला लंडन आठ-नऊ दिवसांवर आले. आपल्या मापाने म्हणावयाचे तर लंडन आता दहाव्याच्या आत आले. पण ते पत्राला, माणसाला नव्हे. त्या विमानाचे भाडे सामान्य माणसाच्या आवाक्यातले नव्हतेच.

नंतर महायुद्ध झाले, स्वातंत्र्य आले, फाळणी झाली. ज्या कराचीतून आपली हवाई टपाल येत होती ते कराची परदेश झाले. अशा वेळी ८ जून १९४८ रोजी रात्री सांताक्रूझच्या विमानतळावरून 'मलबार प्रिन्सेस' हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचे विमान लंडनला निघाले. एअर इंडिया इंटरनॅशनलचे ते पहिले उड्डाण. कॅप्टन गझदर विमान चालवीत होते आणि आत सुमारे ३५ प्रवासी होते. कैरो आणि जिनिव्हा असे दोन थांबे घेऊन विमान १० जूनला लंडनला उतरले. आंबेडकरांच्या बोटीला चौदा दिवस लागले होते. अठराच वर्षांनी ती वाट दोन रात्रींची झाली. लंडनचा थोरला आता तिसऱ्या दिवशी अस्थी वेचायला रामकुंडावर येऊ शकत होता, मात्र तार वेळेवर मिळाली आणि तिकिटाचे पैसे जमले तर.

थांब्यांनी नुसता वेळ जाई असे नव्हे. 'मलबार प्रिन्सेस' ह्याच विमानाला ३ नोव्हेंबर १९५० रोजी जिनिव्हाकडे उतरण्याच्या वाटेवर माँ ब्लाँ ह्या आल्प्सच्या शिखरावर अपघात झाला. ४८ माणसे गेली. २४ जानेवारी १९६६ रोजी 'कांचनगंगा' हे बोइंग मुंबईहून दिल्ली, बैरूत करीत जिनिव्हाकडे उतरत असता त्याच शिखरावर आदळले; ११७ माणसे गेली, आणि त्यांत डॉ. होमी भाभा होते. दोन्ही विमाने लंडनच्या वाटेवर होती आणि दोन्ही जिनिव्हाच्या थांब्यासाठी खाली येत होती. विमानाचे चढणे आणि उतरणे हाच उड्डाणाचा अवघड भाग असतो. जितके थांबे तितक्यांदा तो भाग नव्याने पार पाडावयाचा.

१९६० साली एअर इंडियाने बोइंग ७०७ ही जेट विमाने घेतली. कॉन्स्टेलेशन तासाला सुमारे ५०० किलोमीटर जाई. जेट सुमारे ९०० जाऊ लागले. येथे एक गोष्ट सांगितली तर पुष्कळांना नवल वाटेल. तेव्हापासून आजपर्यंत प्रवासी विमानांचा वेग जवळजवळ वाढलेला नाही. आज मुंबईहून लंडनला जाणारे विमानही तासाला सुमारे ९०० किलोमीटरच जाते. आवाजाहून जलद जाणारे 'कॉन्कॉर्ड' १९७६ पासून २००३ पर्यंत चालले आणि बंद पडले. मग गेल्या साठ-पासष्ट वर्षांत वेळ वाचला तो कशाने? थांबे गळाल्याने. एंजिने कमी इंधन खाऊ लागली, टाक्या मोठ्या झाल्या, आणि दिल्ली-बैरूत-जिनिव्हा करीत जाणारे विमान मुंबईला उडाले की थेट लंडनलाच उतरू लागले. 'ह्यू लिंडसे'चे कोळशाचे बारा दिवस, इंपीरियलचे रात्रीचे मुक्काम, मलबार प्रिन्सेसचे कैरो, हे सगळे थांबे एकामागून एक पुसले गेले.

७,२०० किलोमीटरांना तासाचे ९०० ह्या दराने भागले तर आठ तास येतात. चढणे, उतरणे, धावपट्टीवरचा वेळ आणि वाटेतील वळणे धरली की जाताना साडेनऊ-दहा तास होतात आणि येताना नऊच्या आसपास. जाण्या-येण्यात हा फरक का? तीस-पस्तीस हजार फुटांच्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे असतात. जाताना ते तोंडावर येतात, येताना पाठीवर. तिकिटावरचे आकडे पाहून मात्र पुष्कळांचा घोटाळा होतो, म्हणून त्याचाही उलगडा करू. समजा विमान मुंबईहून दुपारी एक वाजता निघाले आणि हिवाळ्यात लंडनला तेथील साडेपाच वाजता उतरले. हिशेब साडेचार तासांचा दिसतो. परंतु हिवाळ्यात आपले घड्याळ लंडनच्या साडेपाच तास पुढे असते. ते मिळविले की दहा तास होतात. उन्हाळ्यात लंडनचे लोक आपली घड्याळे एक तास पुढे करतात, तेव्हा हा फरक साडेचार तासांचा उरतो. परतताना उलट हिशेब करावयाचा. तेथून रात्री नऊला निघालेले विमान दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला मुंबईला उतरले तर साडेचौदा तास दिसतात. हिवाळ्याचे साडेपाच वजा केले की खरे नऊ.

नाशिकच्या घराचा हिशेब ह्याहून निराळा आहे. नाशिकरोडहून मुंबईचे मुख्य स्थानक आगगाडीने सुमारे १८७ किलोमीटर. घरून निघून विमानतळाला पोचावयास चार तास धरा, तेथे तीन तास आधी हजर राहावयाचे, आणि लंडनला उतरल्यावर तपासणी होऊन कोणाच्या दारी पोचावयास आणखी दोन. म्हणजे जवळजवळ वीस तासांपैकी निम्मे जमिनीवर जातात! ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरीपासूनचा शेवटचा टप्पा खुला झाला, तेव्हा मुंबईची वाट थोडी आखडली. १९६४ साली मिग विमानांचा कारखाना उभा राहिलेल्या आपल्या ओझरहूनही आता देशातील काही शहरांना प्रवासी विमाने जातात. तेव्हा नाशिक-लंडन अंतर कमी करावयाचे असेल तर ते आकाशात नव्हे, कसारा घाटाच्या आसपास कमी होणार आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

वेगाचा प्रश्न सुटला, थांब्यांचा प्रश्न सुटला. उरल्या वेशी. आता सुरुवातीचा तो दोरा पुन्हा हाती घ्या. मुंबईहून निघालेला दोरा प्रथम कोणावरून जातो? कराचीवरून. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्तानने आपले आकाश बंद केले आणि ते १६ जुलैपर्यंत पूर्ववत उघडले नाही. त्या अवधीत २ जुलैपर्यंत एकट्या एअर इंडियाला ४९१ कोटी रुपयांचा तोटा झाला, असे सरकारने राज्यसभेत सांगितले. दिल्लीहून इस्तंबूलला थेट जाणारे एक भारतीय विमान त्या दिवसांत दोहाला उतरून इंधन घेऊ लागले. २४ एप्रिल २०२५ रोजी, पहलगामच्या हत्याकांडानंतर, पाकिस्तानने भारतीय विमानांना पुन्हा बंदी केली. ३० एप्रिलला भारतानेही तशीच बंदी केली, आणि ह्या बंदीची मुदत महिन्यामागून महिना वाढत गेली. मुंबईच्या विमानांना अरबी समुद्रावरून बाजूने काढता येते, म्हणून त्यांना झळ कमी लागली. दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्यांना मात्र मोठा वळसा पडला, आणि अमेरिकेच्या काही उड्डाणांना व्हिएन्नासारख्या ठिकाणी इंधनासाठी उतरावे लागले.

दोरा आणखी पुढे सरकवा. इराण आणि इराकचे आकाश जून २०२५ मधील युद्धात काही दिवस बंद होते. अझोव्ह समुद्रापलीकडे युक्रेन. तेथील आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद झाले. म्हणजे मुंबई-लंडनची जी सर्वांत सरळ वाट भूमितीने आखून दिली, तीच आज माणसांच्या भांडणांनी ठिकठिकाणी तोडलेली आहे. जे थांबे पुसून टाकायला इंजिनियरांची दोन-तीन पिढ्यांची मेहनत खर्ची पडली, ते थांबे एका हुकमाने परत येतात. १९२९ साली इटलीच्या वेशीवर प्रवाशांना आगगाडीत बसावे लागत होते. २०१९ साली विमानाला दोहाला आणि २०२५ साली व्हिएन्नाला उतरावे लागले. यंत्रे बदलली, वेशी त्याच राहिल्या.

ह्यावर कोणी म्हणेल की स्वतःच्या संरक्षणासाठी राष्ट्राला आपली वेस बंद करावी लागते, त्यात गैर काय? गैर काहीच नाही. माणसे मारली जात असताना वेस उघडी ठेवा, असे कोणताही शहाणा माणूस सांगणार नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की त्या बंद वेशीची किंमत कोणीतरी मोजीत असतो, आणि तो बहुधा भांडणाशी संबंध नसलेला माणूस असतो. ज्यांना विमानाच्या वेशींपाशी थांबावे लागत नाही त्यांनाही आणखी एक वेस आहे, ती व्हिसाची. मुलगा लंडनला; त्याच्याकडे जावयाचे तर आईबापांचे अर्ज, बोटांचे ठसे, बँकेचे दाखले, आणि मग वाट पाहणे. त्या वाट पाहण्यात जितके दिवस जातात तितक्यांत बाबासाहेबांची बोट पुष्कळदा लंडनला लागली असती. हा काळ कोणत्याही वेळापत्रकात छापलेला नसतो, पण तो प्रवासाचाच भाग आहे.

म्हणून लंडन किती दूर आहे ह्याचे उत्तर देताना आपण नुसता आकडा सांगू नये. हणमंतरावांच्या काळी ते चार-सहा महिन्यांवर होते आणि परत आल्यावर प्रायश्चित्तावर होते. सावरकरांना आणले ते एकवीस दिवसांत, बाबासाहेब पोचले ते चौदा दिवसांत, 'मलबार प्रिन्सेस' दोन रात्रींत. आज ते दहा तासांवर आहे, पण वाटेतल्या सगळ्या वेशी उघड्या असतील तरच. पहिली दोन कामे, वेग वाढविणे आणि थांबे कमी करणे, शास्त्राने केली आणि चांगली केली. तिसरे काम शास्त्राच्या हातचे नाही. ते शेजाऱ्याशी शेजाऱ्याने वागण्याचे काम आहे, आणि ते राज्यकर्त्यांचे जितके तितकेच त्यांना निवडून देणाऱ्या आपले आहे.

उद्या सकाळी रामकुंडावर पुन्हा कोणीतरी विचारील, "थोरला पोचला का?" निघताना त्याच्या हातात पारपत्र असते, तिकीट असते, वेगवान विमान असते. त्याला वेळेवर पोचता यावे एवढ्यासाठी तरी ह्या सात हजार दोनशे किलोमीटरांवरच्या वेशी कोणाच्या हाती आहेत, इकडे आपले लक्ष असले पाहिजे.